शिट्टीचे आठ हजार

२९ मार्च

पिरंगुटच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि वर सांगितलं, "राग आला की बोलू नका, लिहून काढा." घरात राजूची एक डायरी पडली होती, सिमेंटच्या दुकानानं दिलेली, पहिली चार पानं त्यानं डिझेलच्या हिशोबात घालवलेली. तीच घेतली. मला राग येतच नाही, लोकच तसं वागतात, असं मी डॉक्टरांना म्हणालो होतो. ते हसले आणि हाताला पट्टा पुन्हा गुंडाळला.

तर आज माझं नाक कापलं गेलं. तेही पोटच्या पोरीकडून.

गेल्या आठवड्यात जेवताना दिशा म्हणाली, "आप्पा, सीईटी झाली. आता शनिवारी ग्राउंड हाय." आमच्या रिहे गावातच काय, अख्ख्या मुळशीत ग्राउंड म्हणजे एकच, पोलीस भरतीचं. पहाटे रस्त्यानं पळणाऱ्या पोराला विचारलं की तो म्हणतो, 'भरती करतोय.' पुढचा प्रश्न ठरलेला, 'ग्राउंड निघालं का?' दिशा लहानपणापासून पळतीय, कबड्डी खेळतीय, आता बी.ए.चं शेवटचं वर्ष. मी दुसरं काय समजणार होतो? फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. राजूनं, माझ्या थोरल्यानं, मित्राकडून फ्लेक्स छापून आणला. 'कु. दिशा हिस पोलीस भरतीसाठी हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात माझा सगळ्यात मोठा.

आज संध्याकाळी दिशा फाट्यावर बसमधून उतरली ती थेट त्या फ्लेक्ससमोर. घरी आली, पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "आप्पा, मी पोलीस कधी झाले?"

"होशील की. ग्राउंड कसं गेलं?"

"बी.पी.एड.चं ग्राउंड होतं ते. शारीरिक शिक्षणाची डिग्री असते, दोन वर्षांची. मला शाळेत खेळ शिकवायचेत."

म्हणजे पीटीची मास्तरीण. पीटीला डिग्री असते हेच मला नवीन होतं. सगळा फाटा उद्या मला विचारणार, ग्राउंड निघालं का म्हणून. मी काय सांगू त्यांना?

३० मार्च

पाडवा. गुढी उभारायच्या आधी राजूला पाठवून फ्लेक्स उतरवला. चांगलं जाड कापड आहे, म्हणून गोठ्यामागं पेंढ्यावर टाकला. सकाळपासून म्हशीच्या पाठीमागून पोरगी माझ्याकडं बघून हसतीय. फ्लेक्सवरची. खरी बोलत नाही.

५ एप्रिल

संस्थेची मीटिंग. गावातलं हायस्कूल आमची संस्था चालवते. कुशाबा अण्णा अध्यक्ष, मी खजिनदार. काही वर्गांना सरकारी अनुदान आहे, काहींना नाही, त्यामुळं काही मास्तरांना पगार आणि काहींना मानधन. पीटीचे सर मानधनवाले. मान भरपूर आणि धन बेताचं, असं मीच एकदा म्हणालो होतो, ते अजून स्टाफरूममध्ये चालतं.

सरांचं नाव सिद्धनाथ. मेंढरंवाल्या नाथाचा मुलगा, वय असेल तिशीचं. माझाच भाडेकरू आहे. उरवड्याच्या रस्त्याला मी कंपनीच्या कामगारांसाठी खोल्या बांधल्यात, त्यात शेवटच्या खोलीत राहतो. दिवसा शाळा, रात्री कंपनीत पॅकिंगला. भाडं पाच तारखेला देतो, कधी मागावं लागलं नाही.

तर हा मीटिंगमध्ये हात बांधून उभा राहिला. आठ हजारांचे बारा करा म्हणाला. मुलींचा कबड्डीचा संघ जिल्ह्याला गेला, सकाळी सातला येऊन सराव घेतो, वगैरे. मी म्हणालो, "सर, गणिताच्या मास्तराला डोकं लागतं. तुम्हाला शिट्टी तर वाजवायचीय. शिट्टीचे आठ हजार कमी झाले काय?"

सगळे पोट धरून हसले. कुशाबा अण्णांनी तर उपरण्यानं डोळे पुसले. सिद्धनाथपण हसला. स्वभावानं चांगला आहे. मुद्दा पुढच्या वर्षावर टाकला आणि उन्हाळ्यात शाळेचं मैदान लग्नांना भाड्यानं द्यायचा ठराव केला.

घरी येताना आठवलं, जूनपासून खोल्यांचं भाडं वाढवायचंय. चार हजारांचे साडेचार. सगळेच वाढवतायत.

१३ एप्रिल

आज दिशाला समोर बसवून हिशोब करून दाखवला. ओरडलो नाही, डॉक्टरांची शप्पथ. म्हणालो, भावना बाजूला ठेव, आकडे बोलू दे.

दोन वर्षांची फी, होस्टेल, मेस, बूट, ट्रॅकसूट, येणं-जाणं. अडीच लाखांच्या खाली काही येत नाही. आता मिळणार काय? म्हणालो, "लांब कशाला, आपल्याच शाळेत बघ. डिग्री घेतलेला माणूस हाय. महिना आठ हजार. न खाता-पिता सगळे बाजूला टाकले तरी नुसता खर्च फिटायला अडीच-तीन वर्षं. भूगावच्या सोसायटीत वॉचमनला ह्याच्या दुप्पट मिळतात आणि वर खुर्ची मिळते."

ती सगळं नीट ऐकत होती. मग म्हणाली, "आप्पा, ते आठ हजार ठरवलं कुणी?"

"कमिटीनं."

"कमिटीत कोण हाय?"

पोर हल्ली फार उलट बोलायला लागलीय. मी आकड्यांचं बोलतोय आणि ही माणसांची नावं विचारतीय. शहरातल्या कॉलेजात हेच शिकवतात.

तेवढ्यात आमच्या हिनं, दिशाच्या आईनं, स्वयंपाकघरातून विचारलं, "राजूच्या जेसीबीचा हिशोब कुटल्या पानावर लिहिलाय?" राजूला गेल्या साली जुना जेसीबी घेऊन दिला, तो सध्या काम नसल्यामुळं लिंबाखाली उभा आहे. तो धंदा आहे. धंद्यात वर-खाली होतं. शिक्षणाचं तसं नसतं, ते आधीच तोलून बघायचं असतं. हे बायकांना कोण समजावणार? बीपी मोजलं, वाढलेलंच होतं.

११ मे

शाळेच्या मैदानावर कुशाबा अण्णांच्या पुतण्याचं लग्न. मांडव काय घातला होता! डीजेसाठी लोखंडी खांब रोवले, जेवणाचे वेगळे, पार्किंगचं वेगळं. संस्थेला चांगली रक्कम मिळाली. त्यातून शाळेला कमान बांधायची, वर देणगीदारांची नावं कोरायची, असं अण्णांच्या मनात आहे. जेवण उत्तम, पण मला मीठ बंद.

लग्नात चार जणांनी विचारलं, पोरीचं ग्राउंड निघालं का. मी जिलबीचा घास घेतला की माणूस पुढं सरकतो, असं तीनदा केलं. चौथ्याला सांगितलं, निघालं. खोटं नाही. सीईटीचा निकाल लागलाय, तिला ग्राउंडला भरपूर मार्क आहेत. फक्त कशाचं ग्राउंड ते त्यानं विचारलं नाही.

१८ जून

संताप आला म्हणून लिहितोय. शाळा सुरू झाली, म्हणून सहज चक्कर मारली. मधल्या सुट्टीत बघतो तर पीटीचे सर बाभळीखाली तोंडावर टोपी ठेवून झोपलेले. दिवसाढवळ्या, शाळेच्या आवारात! पोरं आजूबाजूला हळू आवाजात खेळतायत. एक पोरगी मला म्हणते, "आबा, गलका करू नका, सर झोपल्यात." म्हणजे पोरांना सवयीची गोष्ट.

मी हलवून उठवलं. दचकून उभा राहिला, डोळे लाल. म्हणाला, "शेठ, कंपनीत डबल शिफ्ट लागली. तास सुरू व्हायला अजून वेळ हाय."

मी म्हणालो, "झोपायचं मानधन देतो का आमी?" त्यानं टोपी झटकून डोक्यावर घातली. भूगावकडची जमीन विकल्यापासून लोक मला चंदूशेठ म्हणतात, पण ह्याच्या तोंडून आज ते 'शेठ' बरं नाही वाटलं.

पुढचा तास त्याचा होता. खेळ काय घेतला तर पोरांच्या हातात घमेली देऊन मैदानातले खड्डे बुजवायला लावले. मांडवाच्या खांबांचे खड्डे. स्वतः पण मुरूम ठोकत होता. ह्याला म्हणतात शारीरिक शिक्षण! ह्यासाठी अडीच लाखांची डिग्री लागते!

२२ जून

डोक्यात एक कल्पना आली. मी सांगून दिशाला पटत नाही, तर ज्यानं डिग्री घेतलीय त्याच्याच तोंडून ऐकू दे. सिद्धनाथला चहाला बोलावलं. दिशाला समोर बसवलं. तिची आणि त्याची चांगली ओळख निघाली. ग्राउंडसाठी गोळा कसा फेकायचा ते तिनं त्याच्याकडूनच शिकून घेतलं होतं, शाळेच्या मैदानावर. मला घरात कुणी काही सांगत नाही.

मी विचारलं, "सर, खरं सांगा. डिग्रीला किती घातले आणि आजवर किती निघाले?"

तो म्हणाला, "वडलांनी मेंढरं इकली. निम्मा कळप. अजून न्हाई भरून निघाला."

मी दिशाकडं बघितलं. ऐक म्हटलं. मग विचारलं, "मोठ्या शाळेत, पगारावर का नाही लागला?"

"दोन ठिकाणी गेलो होतो. एका ठिकाणी जागाच भरत न्हाईत, चित्रकलेच्या सरांकडं पीटी दिलीय. दुसरीकडं म्हणले, जागा हाय, पण संस्थेला देणगी लागंल. पंधरा लाख. मग वडलांनाच कळपासकट इकावं लागलं असतं."

स्वतःच हसला. मला पंधरा लाखांचा फार राग आला. शिकवायला जायचं आणि वर पैसे द्यायचे! कसली माणसं संस्था चालवतात! मी तसं बोललो पण. मग शेवटचा खिळा मारायचा म्हणून म्हणालो, "म्हणजे डिग्री फसवी हाय. सांगा हिला."

सिद्धनाथनं कप खाली ठेवला. "डिग्री वाईट न्हाई, शेठ. डिग्रीनं मला काय बी खोटं सांगितलं न्हाई. पोरगी घोटा न मुरगळता पळायला शिकली की मला अजून बी भारी वाटतं. दिशाताईंना चांगलं जमंल हे."

"मग खोटं कोण बोललं?"

"मला शिफ्टला जायचंय," म्हणाला आणि उठला.

साक्षीदारच फितूर. चहा वाया गेला. दिशा मात्र त्याला सोडायला दारापर्यंत गेली, आणि परत आल्यावर मला म्हणाली, "आप्पा, भाडं वाढवलंत का सरांचं?" सगळ्यांचं वाढवलंय, त्याचं एकट्याचं नाही. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "व्हय का."

१२ जुलै

शेतात लावणी चाललीय, पाठीचा काटा ढिला झाला. संध्याकाळी चिखलाच्या पायानं घरात येतो तर दिशा मोबाईल घेऊन उभी. पुण्यातल्या कॉलेजात नंबर लागला. पंचवीस तारखेपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मी म्हणालो, "विचार करू."

ती म्हणाली, "तुमी भरणार न्हाई तर तसं सांगा. मी खालच्या फार्महाऊसवर रिसेप्शनला जाते. दोन वर्षं साठवते, मग जाते."

रिसेप्शनला! शनिवार-रविवार शहरातली माणसं दारू पिऊन तलावात उड्या मारतात, त्यांना टॉवेल द्यायला माझी पोरगी? नाही म्हणून सांगितलं. तर म्हणाली, त्याचा हिशोब बरोबर बसतो, वॉचमनपेक्षा जास्त मिळतात. माझीच विद्या माझ्यावर.

रात्री आमच्या हिला विचारलं, तुझं काय मत. ही म्हणाली, "माझं मत राजूच्या वेळी इचारलं असतं तर बरं झालं असतं." कूस बदलून झोपली.

२० जुलै

सिद्धनाथ खोली सोडून गेला. शाळा पण सोडली. कंपनीत कायम करतायत, आठ हजारांच्या दुपटीहून जास्त आणि पीएफ. पण शिफ्ट फिरती, त्यामुळं शाळा जमणार नाही. कंपनीजवळच दोघांत खोली घेतली म्हणाला. वर्ष मध्येच सोडून गेला, पोरांच्या स्पर्धा तोंडावर असताना. कुणाला कसली बांधिलकी म्हणून राहिली नाही.

खोली बघायला गेलो. स्वच्छ होती. पण भिंतीला खिळे ठोकलेले. कबड्डीच्या पोरींचे फोटो लावले होते म्हणे. मी डिपॉझिटमधून पाचशे कापले. नियम सगळ्यांना सारखा, खिळ्याची भोकं बुजवायला गवंडी लागतो. तो म्हणाला, "बरोबर हाय शेठ." भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

दिशा त्याला निरोप द्यायला आली होती. तिच्यासमोर पैसे कापले, ते नको होतं. हिशोब नंतरही करता आला असता.

२४ जुलै

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

संस्थेची मीटिंग. विषय पीटीचे सर. मुख्याध्यापक म्हणाले, नवा माणूस आठ हजारांत येत नाही, दोघांनी फोनवरच नकार दिला. कुशाबा अण्णा म्हणाले, "माणूस कशाला हुडकताय? चंदूशेठची पोरगी हाय की घरात. पीटीचंच खूळ हाय तिला."

मला आधी बरं वाटलं. गावातच राहील, घरून जाईल, फीचा प्रश्नच मिटला.

अण्णा पुढं म्हणाले, "पाच हजार देऊ. पोरीच्या जातीला लई झालं. लगीन हुईस्तोवर तेवढाच इरंगुळा. आन् करायचं काय हाय? शिट्टी तर वाजवायचीय."

सगळे हसले. आणि खरं लिहायचं तर मलाही हसू आलं. वाक्य माझंच होतं, त्यामुळं हसू आधी आलं. मग त्यांनी काय म्हटलंय ते कानात शिरलं.

पाच हजार! माझी दिशा जिल्ह्याला खेळलीय. सीईटी काढलीय. गोळा फेकते तो पोरांच्या पुढं जातो. तिला म्हशीच्या पेंडीइतके पैसे? मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "अण्णा, अडीचशे पोरं हायेत शाळेत. त्यांचे हातपाय, त्यांची हाडं एका माणसाच्या हातात. पहाटे यायचं, संध्याकाळपर्यंत थांबायचं. शिट्टी कसली वाजवायचीय? लाज वाटत न्हाई का बोलायला?"

मुख्याध्यापकांनी खाली मान घातली.

अण्णा म्हणाले, "मग किती द्यायचं म्हणतोस?"

"पंचवीस हजार."

"कुटनं आणायचे?"

"मैदानाच्या भाड्याचे हायेत. मैदान पोरांचं, पैसा पोरांच्या खेळाला. खजिनदार मी हाय, मला म्हाईत हाय किती जमलेत."

"ते कमानीला ठेवल्यात," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुझी पोर हाय म्हणून तुला पुळका आलाय."

मी ठणकावून सांगितलं, माझी पोर आहे म्हणून नाही, तत्त्व म्हणून बोलतोय. कुणीही असता तरी हेच बोललो असतो. हात वर करून मत घ्या म्हणालो. घेतलं. हात एकच वर, माझा. बराच वेळ वर ठेवला.

कमानीवर कोरायच्या यादीत माझं नाव आहे दुसऱ्या ओळीत. ते काढा म्हणून सांगितलं आणि चप्पल घालून बाहेर पडलो. चप्पल पण दुसऱ्याची निघाली.

२५ जुलै

सकाळी दिशाला म्हणालो, चल, गाडीत बस. ती म्हणाली, "कुटं?" मी म्हणालो, "पाच हजारांची पोर हाय का माझी? बघू दे त्या कुशाबाला."

तिला काही कळलं नाही. मीही मीटिंगचं सांगितलं नाही, पुन्हा बीपी वाढलं असतं. पुण्यात जाऊन फी भरली, होस्टेलचे भरले. हिशोब तोट्याचाच आहे, हे मी जाताना तिला दोनदा सांगितलं आणि येताना एकदा. ती प्रत्येक वेळी हो म्हणाली. येताना चांदणी चौकाच्या पुढं बघतो तर खिडकीकडं तोंड करून रडत होती. मी रेडिओ लावला.

फाट्यावर चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, "पोलिसात लागली का मग?" मी म्हणालो, "न्हाई. शाळेत खेळ शिकवणार हाय. डिग्री घेतीय त्याची." तो म्हणाला, "किती मिळत्यात त्यात?" मी म्हणालो, तुझ्या चहात दूध किती असतं ते आधी सांग. दिशा डोळे पुसून हसली. आजच्या दिवसातलं तेवढंच बरं झालं.

३ ऑगस्ट

दिशाला होस्टेलवर सोडून आलो. घर सुनं झालंय. पेंढ्यावरचा फ्लेक्स वाऱ्यानं उलटा झाला होता, तो सरळ केला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. मीटिंगच्या भांडणानंतर जाणार नव्हतो, पण खजिनदार अजून मीच आहे. पाऊस भुरभुरत होता.

नवा माणूस अजून मिळालेला नाही. पोरं मैदानावर नुसती सांडलेली. इकडं दहा, तिकडं वीस, कुणी चिखलात घसरतंय, कुणी झेंड्याच्या दोरीला लोंबकळतंय. प्रमुख पाहुणे येऊन बसलेले. मुख्याध्यापक माईकवरून 'मुलांनो, मुलांनो' करतायत, कुणी ऐकत नाही. कुशाबा अण्णांनी ऑफिसातून शिट्टी मागवली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली. "वाजव की, चंदूशेठ. तुला लई कळतं त्यातलं."

मी वाजवली. जीव काढून वाजवली. पोरांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. दुसऱ्यांदा वाजवली. तिसऱ्यांदा कानात दडे बसले. काही लहान पोरं घाबरून इकडून तिकडं पळाली आणि त्यात सातवीतली एक पोरगी मांडवाच्या खड्ड्यात पाय जाऊन आडवी झाली. त्या बाजूचे खड्डे बुजवायचे राहून गेले होते. पावसानं खोल झाले होते. तिचा घोटा बघता बघता सुजला. उचलून पायरीवर ठेवली, तर रडत रडत विचारते, "सर कुटं हायेत?" कबड्डीच्या संघातली होती.

झेंडा कसाबसा वर गेला. पाहुण्यांनी शिस्तीवर भाषण केलं. अण्णा जाताना म्हणाले, सात हजारांत एक माणूस मिळतोय, बारावी झालेला हाय, शिट्टी सोबत घिऊन येतो.

संध्याकाळी दिशाला फोन केला. मैत्रिणीनं उचलला, म्हणाली, ती ग्राउंडवर आहे. तासाभरानं दिशाचा आला. शिट्टीचं सांगितलं तेव्हा खूप हसली. पोरीच्या पायाचं सांगितल्यावर हसणं थांबलं. कुठली पोरगी, कुठला पाय, सूज किती, बर्फ लावला का, सगळं विचारलं. मग मला राहवलं नाही, मीटिंगचंही सांगून टाकलं. अण्णांचे पाच हजार, माझे पंचवीस हजार, एकटा हात. म्हणालो, "तुझ्यासाठी सगळ्या गावाशी वैर घेतलं मी."

मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाली, "आप्पा, हे सर असताना म्हणायचं होतं."

मी म्हणालो, तेव्हा विषय वेगळा होता. ती म्हणाली, "बरं. गोळी घेतली का?" आणि जेवायची वेळ झाली म्हणून ठेवला.

विषय वेगळाच होता. तेव्हा बजेट नव्हतं. कमानीचं ठरायचं होतं. सिद्धनाथनं मागितले होते बाराच, पंचवीस नव्हे.

बारा मागितले होते.

१६ ऑगस्ट

झोप नीट लागली नाही. उजाडल्यावर राजूला म्हणालो, जेसीबी सुरू कर, शाळेच्या मैदानात मुरूम टाकायचाय. तो म्हणाला, डिझेल कोण भरणार? मग स्वतःच घमेलं आणि मुरूम ठोकायचा धुमुस घेऊन गेलो. कंपाऊंडच्या कोपऱ्यात सिद्धनाथनं मुरमाचा ढीग करून ठेवला होता, वर जुनी ताडपत्री, वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. तो अजून कोरडा होता.

खड्डा नुसता भरून चालत नाही. आधी आतलं पाणी काढावं लागतं, मग थोडा मुरूम, मग ठोकायचं, पुन्हा मुरूम, पुन्हा ठोकायचं. नाहीतर एका पावसात बसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन खड्ड्यांत दम लागला, बाभळीखाली टेकलो. डोळा लागला की काय, टोपी तोंडावर आली होती. पोरांच्या आवाजानं जाग आली. ती शेजारीच होती, हळू आवाजात खेळत होती.

तिसऱ्या खड्ड्याला लागलो तेव्हा कुशाबा अण्णांची गाडी रस्त्यावर हळू झाली. काच खाली करून म्हणाले, "काय चंदूशेठ, किती मिळत्यात ह्याचे?"

मला हसू आलं नाही. घमेलं उचललं. खड्डा अर्धाच भरला होता.